५९ लाख टन म्हणजे नक्की किती?

ज्यांना पूर्ण भाग ऐकायला वेळ नाही, किंवा लोकलमध्ये नेट जातं म्हणून अर्धवट राहिला, त्यांच्यासाठी हा लिखित भाग. बोललो तसंच ठेवलंय, फक्त माझा खोकला आणि मधला कुकरच्या शिट्टीचा आवाज काढलाय.

तारीख होती ९ फेब्रुवारी २०२३. केंद्रीय खाण मंत्रालयानं जाहीर केलं की जिऑलॉजिकल सर्व्हे ऑफ इंडियानं, म्हणजे जीएसआयनं, जम्मू-काश्मीरमधल्या रियासी जिल्ह्यात सलाल-हैमना भागात लिथियमचे ५९ लाख टन 'इन्फर्ड रिसोर्स, जी३' निश्चित केलेत. वैष्णोदेवीला गेला असाल तर कटरा याच जिल्ह्यात येतं. चिनाब नदीवरचा तो जगप्रसिद्ध रेल्वे पूलही इथलाच.

दुसऱ्या दिवशी सकाळी आमच्या घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर तोच मेसेज चार जणांनी टाकला. एकात भारत लिथियममध्ये जगात दुसरा, एकात पाचवा, एकात चीनची झोप उडाली. सगळ्यांत आकडा मात्र एकच, ५९ लाख टन. आणि सगळ्यांतून दोन गोष्टी गायब होत्या: 'इन्फर्ड' हा शब्द आणि 'जी३' हे अक्षर-आकडा. त्यांच्या जागी आपला मराठी शब्द आला होता. साठा. "लिथियमचा प्रचंड साठा सापडला."

आता साठा म्हटलं की डोळ्यासमोर काय येतं? गोदाम. पोती रचलेली, बाहेर शटर, शटरला कुलूप. किल्ली आणायची आणि माल काढायचा.

संध्याकाळी मामाचा फोन. मामाचं मेडिकल स्टोअर आहे, कोविडनंतर डीमॅट उघडलेल्या लाखो लोकांपैकी तो एक. "अरे, तू इंजिनीअर आहेस, तुला कळतं यातलं. ह्या लिथियमवर कुठला शेअर घ्यावा?" मी कॉम्प्युटर इंजिनीअर. दगडातलं मला इतकंच कळतं की तो पायावर पडला तर लागतो. पण "मला माहीत नाही" असं म्हणायला जीभ वळली नाही. ऑफिसमध्ये एका छोट्या कंपनीचं नाव चर्चेत होतं, लिथियमशी तिचा संबंध एका प्रेस नोटपुरता. मी वीस हजार टाकले होते. मामाला म्हटलं, "घे थोडे." मामानं थोडे म्हणजे दुकानाच्या नव्या फर्निचरसाठी ठेवलेले दीड लाख टाकले. त्या दीड लाखांचे पुढे अठ्ठेचाळीस हजार उरले. मामा एका शब्दानं काही बोलला नाही, हेच जास्त लागलं. फर्निचर अजून जुनंच आहे.

तर 'इन्फर्ड' म्हणजे काय, हे मी तेव्हा शोधायला हवं होतं ते नंतर शोधलं. आणि शोधता शोधता पोचलो पश्चिम ऑस्ट्रेलियाच्या वाळवंटात.

ग्वालिया, पण ग्वाल्हेर नव्हे

१८९८ साली पश्चिम ऑस्ट्रेलियात लिओनोरा गावाजवळ 'सन्स ऑफ ग्वालिया' नावाची सोन्याची खाण होती. नाव ऐकून माझे कान टवकारले, म्हटलं शिंदे सरकार इथे कसे? तसं काही नाही, ग्वालिया हे वेल्सचं एक जुनं नाव. तिथे मॅनेजर म्हणून आला एक तेवीस वर्षांचा अमेरिकन पोरगा, हर्बर्ट हूव्हर. हो, तोच, पुढे अमेरिकेचा राष्ट्राध्यक्ष झाला, महामंदी ज्याच्या माथी आली तो.

हूव्हरचं रोजचं काम होतं लंडनच्या मालकांना सांगणं की कुठली खाण विकत घ्यावी. त्या काळी खाण विकणारा माणूस टेकडीकडे बोट दाखवायचा आणि आकडा सांगायचा. हूव्हरनं १९०९ साली खाणकामावर एक पाठ्यपुस्तक लिहिलं, त्यात त्यानं खनिजाची विभागणी केली: सिद्ध, संभाव्य आणि अपेक्षित. ज्याच्या सलग असण्यात जवळजवळ धोका नाही ते पहिलं. जे अंदाजानं आहे ते वेगळ्या रकान्यात. दोन्हींची बेरीज करायची नाही.

ही साधी वाटणारी गोष्ट खाणवाल्या इंजिनीअरांना ठाऊक होती. पण तसं वागायचं बंधन कुणावर नव्हतं. आणि मग, त्याच लिओनोरापासून शंभरेक किलोमीटरवर, १९६९ साल उजाडलं.

एक भोक आणि २८० डॉलर

त्या वर्षी निकेलला जबरदस्त मागणी होती. व्हिएतनाम युद्ध चालू, शस्त्रांच्या पोलादात निकेल लागतं. वर कॅनडातल्या सडबरीला, जगातल्या सगळ्यात मोठ्या निकेल उत्पादकाकडे, कामगारांचा संप. आज बॅटरीमुळे निकेल 'क्रिटिकल मिनरल'च्या यादीत आहे, आपल्या सरकारनं २०२३ मध्ये काढलेल्या ३० खनिजांच्या यादीतही आहे. तेव्हा हा शब्द रुळलेला नव्हता, पण परिस्थिती तीच: सगळ्यांना हवं आणि पुरवणारे मोजके.

पश्चिम ऑस्ट्रेलियात निकेल आहे हे तीन वर्षांपूर्वीच, जानेवारी १९६६ मध्ये, कंबाल्डा इथल्या ड्रिलिंगमध्ये सिद्ध झालं होतं. त्यामुळे सगळे फावडी घेऊन धावत सुटले. केन शर्ली नावाच्या एका भटक्या प्रॉस्पेक्टरनं लॅव्हर्टन गावाजवळ विंडारा इथे एक गंजलेला खडक पाहिला. खाली धातूचे गंधकाबरोबरचे खनिज असेल तर वर पाऊस-हवेनं ते गंजतं आणि लाल-तपकिरी टोपी तयार होते, तिला गॉसन म्हणतात. ती जागा पोसायडन नावाच्या ॲडलेडच्या एका छोट्या कंपनीनं घेतली. सप्टेंबर १९६९ मध्ये कंपनीचा शेअर होता ८० सेंट.

ड्रिल खाली गेलं. एका भोकात निकेल लागलं, सुमारे साडेतीन टक्के. ही खरोखर चांगली प्रत आहे, त्यात खोटं काही नाही. कंपनीनं ते ऑक्टोबरच्या सुरुवातीला जाहीर केलं. शेअर १० डॉलरच्या पुढे. डिसेंबरात १०० च्या पुढे. फेब्रुवारी १९७० मध्ये २८० डॉलर. पाच महिन्यांत साडेतीनशे पट! आपल्याकडे अपर सर्किट लागलं की स्क्रीनशॉट टाकतात, तसा स्क्रीनशॉट तेव्हा असता तर ऑस्ट्रेलिया आणि लंडन दोन्ही ठिकाणच्या सगळ्या फोनची मेमरी भरली असती.

आता इथे जरा थांबूया, कारण मला सगळ्यात जास्त मजा इथे आली.

विंडाराचं निकेल तिथे आलं कसं? साधारण २७० कोटी वर्षांपूर्वी पृथ्वीचं पोट आजच्यापेक्षा खूप गरम होतं. तेव्हा जो लाव्हा बाहेर यायचा तो सुमारे १६०० अंश सेल्सिअसचा. आज हवाई बेटांवर दिसतो तो १२०० च्या आसपास. इतका गरम लाव्हा पाण्यासारखा पातळ असतो. तो नदीसारखा वाहायचा आणि वाहता वाहता तळाचा खडकही वितळवायचा. त्या खडकातून गंधक मिळालं की लाव्ह्यात एक दुसरा द्रव वेगळा व्हायचा, जसं पाण्यात तेल वेगळं राहतं. फक्त हे तेल जड असतं, वर तरंगत नाही, तळाशी बसतं. आणि निकेलला हा गंधकाचा द्रव फार आवडतो, आजूबाजूच्या लाव्ह्यातलं निकेल तो ओढून घेतो. मग लाव्ह्याच्या वाटेत जिथे खळगा असेल तिथे हा जड माल साचतो आणि थिजतो.

या खडकाला कोमाटिआइट म्हणतात. दक्षिण आफ्रिकेतल्या कोमाटी नदीजवळ व्हिल्युन नावाच्या जुळ्या भावांनी तो ओळखला आणि त्याला नाव दिलं, कधी? १९६९ मध्येच. म्हणजे ज्या वर्षी विंडाराच्या एका भोकावर दुनिया पैसे लावत होती, त्याच वर्षी तो माल ज्या खडकात असतो त्याचं बारसं होत होतं.

आता या माहितीचा शेअरशी संबंध काय? संबंध असा की खळग्यात साचलेला माल पट्ट्यासारखा सलग नसतो. इथे दहा मीटर जाड, पलीकडे पन्नास मीटरवर काहीच नाही. रस्त्यातल्या खड्ड्यांत पावसाचं पाणी साचतं तसं. एका खड्ड्यात काठी बुडवून "पाणी एक फूट आहे" असं म्हणून अख्ख्या रस्त्याची लांबी गुणिले एक फूट केलं, तर पुण्यात एक धरण निघेल. बाजारानं नेमकं हेच केलं. खनिज तयार कसं झालं हे कळल्याशिवाय ते किती आहे हे मोजता येत नाही, कारण दोन भोकांच्या मध्ये काय धरायचं हे त्यावरच ठरतं.

उन्माद पोसायडनपुरता राहिला नाही. जानेवारी १९७० मध्ये टॅस्मिनेक्स नावाच्या कंपनीच्या अध्यक्षांच्या एका आशावादी वाक्यावर शेअर काही दिवसांत कित्येक पट झाला, आणि तिथे, माउंट व्हेनला, निकेलची खाण काही निघाली नाही.

पोसायडनचं काय झालं? सविस्तर ड्रिलिंग झाल्यावर प्रत वाटली होती त्यापेक्षा कमी निघाली. १९७४ मध्ये उत्पादन सुरू होईपर्यंत निकेलचा भाव उतरला होता, खर्च वाढला होता. १९७६ मध्ये कंपनी रिसीव्हरच्या ताब्यात गेली. खाण दुसऱ्या कंपनीनं पुढे चालवली. म्हणजे बघा, निकेल खोटं नव्हतं. निकेल होतंच. फक्त २८० डॉलरचं नव्हतं.

कुणाच्या नावावर सही

या सगळ्यात पैसे गमावलेल्यांत बडे लोक होते तसे साधे पगारदारही होते. ऑस्ट्रेलियाच्या सिनेटनं पीटर रे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. १९७४ मध्ये तिचा अहवाल आला, त्यात शेअर बाजारातल्या दलालांचे एकेक उद्योग बाहेर पडले. खाण उद्योगानंही १९७१ मध्येच स्वतःची एक समिती बसवली होती, जमिनीखालच्या आकड्यांबद्दल कंपन्यांनी कसं बोलावं हे ठरवायला. तिचं नाव जॉर्क. तिची पहिली नियमावली १९८९ मध्ये आली आणि शेअर बाजाराच्या नियमांना जोडली गेली. मध्ये अठरा वर्षं. आमच्या ऑफिसमध्ये एखादं डॉक्युमेंट अठरा दिवस लांबलं तरी वाटतं युग लोटलं.

जॉर्कनं केलं काय? हूव्हरचे रकाने घेतले आणि त्यांना दात बसवले. मला ही विभागणी पगाराच्या भाषेत कळली, तुम्हालाही पटकन कळेल.

'रिसोर्स' म्हणजे सीटीसी. कागदावर भलामोठा आकडा. 'रिझर्व्ह' म्हणजे इन-हँड. खणण्याचा खर्च, खनिज वेगळं करताना होणारी गळती, बाजारभाव, परवाने, पर्यावरण, सगळं वजा करून जे परवडेल ते. आणि रिसोर्समध्येही तीन पायऱ्या आहेत. 'मेझर्ड' म्हणजे जवळजवळ भोकं पाडून मोजलेलं. 'इंडिकेटेड' म्हणजे भोकं लांब आहेत पण सूत्र जुळतंय. आणि 'इन्फर्ड' म्हणजे एचआरनं फोनवर "पॅकेज चांगलं असेल" म्हटलंय ते. ऑफर लेटर नाही. त्यावर फ्लॅट बुक करायचा नाही. जॉर्कमध्ये इन्फर्डमधून थेट रिझर्व्ह काढताच येत नाही, आधी ड्रिलिंग करून वरच्या पायरीवर यावं लागतं.

मराठीत आपण या सगळ्याला एकच शब्द वापरतो, साठा. सीटीसीलाही साठा, इन-हँडलाही साठा, एचआरच्या फोनलाही साठा. माझे आणि मामाचे पैसे या एका शब्दात गेले असं म्हणणार नाही, हावही होतीच, पण शब्दानं हातभार लावला.

दुसरी गोष्ट म्हणजे 'कॉम्पिटंट पर्सन'. जाहीर केलेल्या आकड्यामागे एक खराखुरा, अनुभवी, नाव असलेला माणूस लागतो, जो म्हणेल की हा आकडा माझा. कोड लिहिणाऱ्यांना सांगायचं तर गिट ब्लेम. प्रॉडक्शन पडलं की ओळीपुढे कुणाचं नाव आहे ते दिसतं, तसं.

तरी माणसं फसतच राहिली. कॅनडाच्या ब्रे-एक्स कंपनीनं इंडोनेशियाच्या जंगलात प्रचंड सोनं असल्याचं सांगितलं. १९९७ मध्ये स्वतंत्र तपासणीत कळलं की नमुन्यांत बाहेरून सोनं मिसळलं होतं. मग २००१ मध्ये कॅनडानंही आपला कडक नियम आणला. तो सोन्याचा किस्सा वेगळा एपिसोड मागतो, सिनेमाच आहे तो. आज नको.

क्रीगेसाहेबांचं गणित

आता थोडं गणित, घाबरू नका. कॉलेजात मशीन लर्निंगच्या इलेक्टिव्हमध्ये आम्हाला 'गॉसियन प्रोसेस रिग्रेशन' होतं. मी ते परीक्षेपुरतं पाठ केलं आणि विसरलो. हे प्रकरण शोधताना कळलं की त्याचं एक रूप खाणीत जन्मलंय, आणि खाणवाले त्याला क्रिगिंग म्हणतात.

डॅनी क्रीगे हे दक्षिण आफ्रिकेतल्या सोन्याच्या खाणींवर काम करणारे इंजिनीअर. त्यांच्या लक्षात आलं की नमुन्यांवरून जे भाग सगळ्यात श्रीमंत ठरतात, ते खणल्यावर जवळपास नेहमी थोडे गरीबच निघतात. आणि सगळ्यात गरीब ठरवलेले थोडे बरे निघतात. असं का? क्रिकेट बघणाऱ्यांना हे माहीत असतं. पहिल्याच मॅचमध्ये दीडशे करणारा पोरगा चांगला असतोच, पण त्या दिवशी नशीबही जोरात असतं. त्याची करिअरची सरासरी दीडशे नसते. खडकाचंही तेच. सगळ्यात भारी नमुना हा थोडा खडकाचा आणि थोडा नशिबाचा असतो.

क्रीगे यांनी १९५१ मध्ये यावर संशोधन मांडलं: एका नमुन्यावर विसंबू नका, आजूबाजूच्या सगळ्या नमुन्यांना अंतराप्रमाणे वजन द्या. पुढे जॉर्ज माथेरॉन या फ्रेंच गणितज्ञानं त्याला पूर्ण सिद्धांताचं रूप दिलं आणि क्रीगे यांचं नाव चिकटवलं. या पद्धतीची खरी गंमत अशी की ती आकड्याबरोबर तो किती चुकू शकतो हेही सांगते. भोकांपासून लांब गेलात की चूक वाढत जाते. व्हॉट्सॲपवर आकडा येतो, चूक येत नाही.

परत सलालला

आता हे सगळं डोक्यात घेऊन रियासीकडे वळू.

भारतात शोधाच्या चार पायऱ्या आहेत, जी४ ते जी१. जी४ म्हणजे नुसती पाहणी, जी३ म्हणजे प्राथमिक शोध, जी२ सर्वसाधारण, जी१ सविस्तर. याशिवाय संयुक्त राष्ट्रांच्या चौकटीतून आलेला तीन आकड्यांचा कोड असतो. पहिला आकडा परवडतं का, दुसरा खाणीचा अभ्यास किती झाला, तिसरा भूगर्भाची खात्री किती. १११ म्हणजे सिद्ध रिझर्व्ह. ३३३ म्हणजे इन्फर्ड. देशातल्या खनिजांची अशी राष्ट्रीय वही ठेवतं इंडियन ब्युरो ऑफ माइन्स, ज्याचं मुख्यालय आपल्या नागपूरला आहे. नावाचं लघुरूप आयबीएम. आमच्या क्षेत्रातल्यांचा गोंधळ व्हायला पुरेसं.

म्हणजे ९ फेब्रुवारीच्या घोषणेत सरकारनं काही लपवलं नव्हतं. 'इन्फर्ड, जी३' असं स्पष्ट लिहिलं होतं. ते आम्ही वाचलं नाही. तसं तर तिथे लिथियम आहे हेही नवं नव्हतं. जीएसआयनं १९९० च्या दशकात तिथल्या बॉक्साइटचा अभ्यास करताना लिथियमची नोंद केली होती.

पण खरा धक्का वेगळाच आहे. २०२३ च्या नोव्हेंबरात सरकारनं क्रिटिकल मिनरल्सच्या २० ब्लॉकचा पहिला लिलाव काढला, त्यात सलाल-हैमना होतं. त्याआधी ऑगस्टमध्ये खाण कायदा बदलून लिथियमला अणुखनिजांच्या यादीतून बाहेर काढलं होतं, म्हणजे खासगी कंपन्यांना वाट मोकळी. आणि लिलावाच्या माहितीत काय होतं? ५९ लाख टन हा आकडा बॉक्साइटच्या थराचा. दगडाचा! त्या दगडात धातू म्हणून लिथियम ३,४०० टनांहून थोडं जास्त. टायटॅनियम मात्र ७० हजार टनांहून जास्त.

मी हे वाचलं तेव्हा रात्रीचे दीड वाजले होते. कॅल्क्युलेटर काढला. ३,४०० भागिले ५९ लाख. एका टन दगडात साधारण ५७५ ग्रॅम लिथियम. ऑस्ट्रेलियाच्या ग्रीनबुशेस खाणीत एका टन दगडात आठ-नऊ किलो असतं. आणि फॉरवर्डमध्ये ज्या चिलीशी तुलना होती, त्या चिलीचे तेव्हाचे ९३ लाख टन हे शुद्ध लिथियमचे होते, शिवाय ते रिझर्व्ह, इन-हँड. आपण आपल्या सीटीसीची, तीही दगडाच्या वजनात, त्यांच्या बँक बॅलन्सशी तुलना करत होतो.

३,४०० टन म्हणजे काहीच नाही असंही नाही. एका मध्यम इलेक्ट्रिक गाडीत आठेक किलो लिथियम धरलं तर सव्वाचार लाख गाड्यांचा हिशेब होतो. पण तो सगळं लिथियम निघालं तर. आणि निघण्यातच मेख आहे.

लिथियम मुख्यतः तीन ठिकाणी सापडतं. एक, पेग्मटाइट खडकात. ग्रॅनाइटचा रस थंड होताना लिथियम कुठल्याच नेहमीच्या खनिजात नीट बसत नाही, म्हणून शेवटच्या उरलेल्या रसात गोळा होतं. पंगतीत सगळे बसल्यावर जागा न मिळालेले शेवटी एकत्र बसतात तसं. ग्रीनबुशेस हा त्यातला प्रकार. दोन, खारं पाणी. चिलीच्या अटाकामासारख्या कोरड्या खोऱ्यात पाणी येतं, उडून जातं, लिथियम मागे राहतं. पहिल्या दोन्हींतून लिथियम कसं काढायचं हे जगाला पाठ आहे. तीन, चिकणमाती आणि तसले थर. सलाल या तिसऱ्यातलं. तिथे अतिप्राचीन चुनखडक उघडा पडून दीर्घकाळ झिजला, त्या उंचसखल पृष्ठभागावर बॉक्साइट तयार झालं, त्यावर समुद्री गाळाचे थर बसले, आणि मग हिमालय उठताना हे सगळं वर आलं, तुटलं, वाकलं. अशा मालातून लिथियम काढणं प्रयोगशाळेत जमतं. व्यापारी पातळीवर परवडवणं हे जगभर अजून झटापटीचंच काम आहे.

कंपन्यांच्या भूवैज्ञानिकांना हे सगळं पहिल्या नजरेत दिसलं असणार. पहिल्या वेळच्या लिलावाला किमान तीन पात्र बोलीदार लागत होते. ते मिळाले नाहीत, मार्च २०२४ मध्ये या ब्लॉकचा लिलाव रद्द झाला. परत काढला, परत तेच.

आणि हे पहिल्यांदा झालं असं नाही. २०२० च्या फेब्रुवारीत कर्नाटकातल्या मंड्या जिल्ह्यात, मार्लगल्ला भागात, १४,१०० टन लिथियम असल्याची बातमी आली होती. पुढच्या वर्षी अणुखनिज संचालनालयाच्या शोधानंतर अधिकृत आकडा आला, १,६०० टन. तोही इन्फर्ड. यात कुणी लबाडी केली असं मी म्हणत नाही. शोध पुढे गेला की आकडा हलणारच, शोधाचा अर्थच तो. पण पहिल्या आकड्याची बातमी मी पाच जणांकडून ऐकली होती. दुसऱ्याची एकाकडूनही नाही.

सलालच्या लोकांचा विचार येतो. चिनाबवर सलालचं जलविद्युत धरण आधीच आहे. घोषणा झाली तेव्हा गावात एकीकडे आनंद होता, पोरांना नोकऱ्या लागतील, आणि दुसरीकडे धास्ती, घरं-जमिनी जातील. आम्ही पैसे लावून विसरू शकतो, शेअर विकून बाहेर पडू शकतो. त्यांच्या पायाखालीच तो ३३३ आहे.

परवा गणपतीला मामाकडे गेलो होतो. प्रसाद खाऊन झाल्यावर धीर करून हे सगळं त्याला सांगितलं. पोसायडन, जॉर्क, सीटीसी आणि इन-हँड, सगळं. तो शांतपणे ऐकत होता, मध्येच उठून एका गिऱ्हाइकाला क्रोसिनची पट्टी देऊन आला. मग म्हणाला, "बरं, ५९ लाख नाही तर नाही. पण ते ३,४०० तरी नक्की ना?"

म्हटलं, "मामा, तेही इन्फर्डच."